रामाजीच्या बैलांची घंटी

मी एक जुनी काशाची घंटी आहे. मित्रांनो, माझ्याकडे कौतुकानं बघू नका. कोणी मला हातात घेऊन "वा, काय आवाज आहे!" म्हणालं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही म्हणाल, घंटीला कसली आली लाज? ऐका तर मग. आजवर मी नुसती वाजत आले. आज पहिल्यांदा बोलते आहे.

मला भंडाऱ्याकडच्या एका कासारानं ओतलं. माझ्या पोटात त्यानं लोखंडाची जीभ टांगली, एकदा हलवून पाहिली आणि हसून म्हणाला, "हे पोट्टी तर बडबडी निघाली!" तेव्हापासून मी स्वतःला फार शहाणी समजू लागले. मार्कंड्याच्या जत्रेत दुकानदारानं मला सगळ्यांत वर टांगलं होतं. तिथून रामाजीनं मला विकत घेतलं. रामाजी गोंडपिपरीपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात धानाची शेती करायचा. डावखुरा माणूस, बोलायला मऊ, बैलांचा भारी वेडा. त्यानं मला आपल्या खैऱ्या बैलाच्या गळ्यात बांधलं. जोडीचा दुसरा बैल ढवळ्या. त्याला घंटी नव्हती, म्हणून मी त्याला उगाच कमी लेखायची. असा माझा स्वभाव!

अकरा वर्षं मी त्या गळ्यात होते. चिखलणीला मी, धानाचे भारे वाहायला मी, पोळ्याला तोरणाखाली मिरवायलाही मीच. संध्याकाळी मी नाल्यापाशी वाजले की रामाजीची बायको वच्छला चुलीवर भाताचं आधण ठेवायची. शेजारपाजारचे म्हणायचे, "रामाजीचे बैल आले. घंटी आहे का देवळातली घंटा!" ते ऐकून मी आणखी जोरात वाजायची. आपलीच टिमकी वाजवणं म्हणतात ना, ते माझ्याकडून शिकावं.

देशाला स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाली होती. त्या वर्षी रामाजीच्या घरच्या गाईचे दोन गोऱ्हे कामाला आले. चार बैलांचा चारा परवडत नव्हता. खैऱ्या-ढवळ्या विकायचं ठरलं. बाजार जवळच भरायचा. तिथं विकलं की पावती मिळायची. पण रामाजी म्हणाला, "बाजारात कोणाच्या हाती लागतील, काय भरोसा? खाटकानं नेले तर मले जन्मभर अन्न गोड लागणार नाई. लालसूले देतो. त्याच्या घरी सुखानं राह्यतील."

लालसू हा जंगलातल्या गावचा गोंड शेतकरी. बारा वर्षं तो रामाजीच्या गावी येत होता. मोहफुलं, चारोळी, मध घेऊन यायचा आणि तांदूळ घेऊन जायचा. त्याला मराठी यायची, पण जपून बोलायचा. घाबरला की मराठी विसरून गोंडीच बोलू लागायचा. बैलजोडीसाठी त्यानं तीन हंगाम पैसा जोडला होता. दोघांनी घरच्या घरीच सौदा ठरवला. ना कागद, ना साक्षीदार. शब्दाला शब्द.

आता आमच्या भागातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आमच्याकडे बैल विकतात, पण दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो. विकणारा आपल्या हातानं जुनं दावं आणि घंटी सोडतो आणि घरी नेऊन गोठ्यात खुंटीला टांगतो. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते, असं जुनी माणसं म्हणतात.

माघ महिना होता. सकाळीच रामाजी बैल घेऊन लालसूच्या गावी पोचला. लालसूची बायको रुखमा बाहेर आली. तिनं बैलांचे पाय धुतले, कपाळाला हळद लावली. रामाजीनं दावं सोडलं, पण त्याचा हात काही खैऱ्याच्या मानेवरून निघेना.

"थंडीत याले कोमट पाणी देत जा," तो म्हणाला. "आणि ढवळ्याले उजवीकडं जुंपू नोको, बिचकते तो."

रुखमा हसली. "भाऊ, बैल देऊन राह्यले का पोरगी?"

रामाजीही हसला, पण डोळे पुसून. जेवण झालं, लालसूनं पैसे मोजून दिले. त्यानं दोन्ही दावी गुंडाळली आणि मला त्यांच्यात बांधलं. ते वेटोळं आणि पैशाचं गाठोडं काठीच्या मागच्या टोकाला अडकवून त्यानं काठी खांद्यावर टाकली आणि ऊन कलण्याआधीच परत निघाला.

मित्रांनो, इथंच माझं चुकलं. बैलाच्या गळ्यात मी सावकाश वाजते, त्याच्या पावलांबरोबर. माणसाच्या खांद्यावर मी भरभर वाजते. आमच्याकडे कोणीही हे ऐकलं की त्याला कळतं: हा माणूस बैल विकून चालला आहे, पैसे याच्याजवळ आहेत. रामाजीनं मला दुपट्ट्यात गुंडाळायला हवं होतं. पण त्याला वाटलं, वाजू दे बिचारीला, बैल सोबत असल्यासारखं वाटते. आणि मी? मला काय, रान मोकळं, आवाज लांबवर जातोय! मी वाजत सुटले. पाऊण कोसभर मी जंगलाला ओरडून सांगत होते, की हा पाहा, पैसेवाला माणूस एकटा चालला आहे.

वळणावर कोणीतरी पुढून आलं. "थांब ना भाऊ, कुठून येऊन राह्यला?"

आवाज आपल्याच गावाकडचा होता, गोंडी वळणाचा नव्हता. रामाजी ओळखीनं हसला. "खैऱ्या-ढवळ्याले पोचवून येऊन राह्यलो," तो म्हणाला. मग पुढचं मी नीट ऐकलं नाही. काठीच्या टोकाला मी झुलत होते आणि माझ्याच नादात होते. एकदम काठी खाली पडली. रामाजीही पडला. तो परत उठला नाही.

त्या माणसानं काठीला अडकवलेलं वेटोळं आणि गाठोडं हिसकावलं आणि पळत सुटला. तेव्हा मात्र मी जिवाच्या आकांतानं वाजले. कोणीतरी या, कोणीतरी या! त्यानं शिवी हासडली, पळसाचा पाला ओरबाडला आणि माझ्या तोंडात गच्च कोंबला. पैसे काढून घेतले. दाव्यांसकट मला एका मोहाच्या झाडाखाली फेकलं, वर पाला लोटला आणि निघून गेला. मी त्याचा चेहरा पाहिला नाही. आवाज ऐकला, तोही अर्धा. ज्या दिवशी ऐकायचं होतं त्या दिवशी मी वाजत बसले!

पुढचं मला नंतर वच्छलाच्या तोंडून कळलं. दुसऱ्या दिवशी वाटेत रामाजी सापडला. पैसे नाहीत, पावती नाही, आणि बैल कुठे? तर लालसूच्या अंगणात. मग काय! "जंगलातल्या माणसाचा काय भरोसा," असं गावभर झालं. लालसूनं रामाजीला मारून बैल ओढून नेले, पैसे दिलेच नाहीत, सौदा पुरा झालाच नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ठाण्यात लालसू भीतीनं गोंडीतच बोलत राहिला. वच्छला रडून रडून वेडीपिशी झाली होती. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हाच तो. यानंच माहा संसार बुडवला."

रुखमा आणि तिच्या गावचे लोक सांगायला आले होते, की लालसू दिवसभर घरीच होता. "तुमचीच माणसं, तुम्ही असंच सांगान," असं म्हणून त्यांना परत पाठवलं. लालसूला कोठडीत टाकलं. बैल वच्छलाच्या गोठ्यात आले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी. त्याच्या बाजूचा एकच पुरावा होता, तो म्हणजे मी. आणि मी मोहाखाली पडले होते, तोंडात पाला घेऊन.

फाल्गुन सरत आला आणि मोह गळायला लागला. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आमच्याकडे झाडाखालचा पाला आधी झाडून घेतात. रामाजीच्या गावातली म्हातारी मंगली तिथं झाडायला आली. खराट्याला मी लागले. तिनं मला उचललं, उलटं करून पाहिलं, तोंडातला पाला बोटानं काढला. मी वाजले. मंगली ओरडली,

"अगं बाई! हे तर रामाजीची घंटी."

टोपली तिथंच टाकून ती मला दाव्यांसकट घेऊन वच्छलाकडे गेली. वच्छलानं मला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. मग तिनं मला खाली ठेवलं. ती दाव्यांचं वेटोळं निरखून पाहू लागली. सगळे वेढे उलटे होते, डावखुऱ्या माणसानं घातलेले. दावी कापलेली नव्हती, सोडलेली होती. दाव्याला सुकलेली हळद लागली होती, बैल नव्या घरी आले की लावतात ती.

"मंगलीबाई," ती हळूच म्हणाली, "चोर दावं कापते. सोडून, गुंडाळून, घंटी बांधत नाई बसत. हे त्यानं आपल्या हातानं सोडलं. सौदा झाला होता. लालसू खरं बोलून राह्यला होता."

"आता गप्प राह्य," मंगली घाबरून म्हणाली. "गाव काय म्हणन?"

वच्छला गप्प राहिली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला पदरात घेऊन ठाण्यात गेली. ठाणेदार म्हणाला, "बाई, सौदा झाला असेल. पैसे देऊन, मागून जाऊन मारला असेल, पैसे परत घेतले असतील."

"साहेब, ही घंटी अन् हे दावं दाखवलं असतं तर लालसू सुटला असता," वच्छला म्हणाली. "मग त्यानं ते लपवलं काऊन असतं? ज्याले लालसू अडकलेला पाह्यजे होता, त्यानं लपवलं. मीच त्याच्यावर बोट दाखवलं होतं. ते बोट मी परत घ्यायले आली."

ठाणेदारानं तिचा जबाब लिहून घेतला. चार-पाच दिवसांनी लालसू सुटला. खरा मारणारा कोण, याचा तपास पुढे कागदावर चालला आणि कागदावरच संपला. तो सापडला नाही. बहुतेक तो आमच्याच भागात म्हातारा झाला असेल, पोळ्याला बैलही सजवत असेल.

लालसू बैल न्यायला आला. त्याची हाडं वर आली होती. वच्छला अंगणात खाली मान घालून उभी होती. तिनं स्वतः बैल सोडले आणि मला पुढं केलं.

"रीत मोडू द्या. ही घंटी घेऊन जा. गावाले ऐकू येऊ द्या, का बैल तुमचे आहेत."

लालसूनं मान हलवली. "नाई बाई. वाजली का लोक वळून पाहतात. मले आता कोणी पाहू नये असं वाटते."

वच्छला रडू लागली. "लालसूभाऊ, मी चुकली. मले माफ करा."

लालसूनं खैऱ्याची मान खाजवली. मग एकेक शब्द शोधत तो बोलला.

"बाई, तुमचा माणूस मेला. तुमाले शुद्ध नव्हती, मले समजते. पण या गावात मी बारा वर्सं येऊन राह्यलो. पोट्ट्यायले मध देला. सारे मले ओळखतात. लालसूनं असं केलं, लालसूनं तसं केलं, सारे सांगत होते. पण 'लालसू, काय झालं?' असं मले एकानंही विचारलं नाई."

तो बैल घेऊन गेला. नंतर तो त्या गावात चारोळी घेऊन कधीच आला नाही. तो बैल घेऊन गेला त्या दिवशी गल्लीत सगळी दारं लावलेली होती.

मित्रांनो, तेव्हापासून मी गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. मला घासा, चमकवा, असं मी म्हणणार नाही. मला तो मान नको. मी तर निर्जीव काशाची वस्तू, माझ्या तोंडात पाला होता. लालसूच्या तोंडात काहीच नव्हतं, तरी तो कोणाला ऐकू आला नाही. पुढे कधी सगळे मिळून एकाकडे बोट दाखवत असतील, तर तुमच्यातल्या एकानं तरी पुढं व्हा. त्याला त्याच्या भाषेत विचारा, काय झालं? विचारून झालं की गप्प बसा आणि तो बोलेल ते शेवटपर्यंत ऐका. मला तेवढं जमलं नाही.