राजीखुशीचा भाव

"बोल, कितीला विकलंस?" बाळारामनं विचारलं आणि हातातला धोटा केसरीनाथच्या डोक्यावर हाणला.

धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन धावणारा लाकडी ठोकळा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं बसवलेला. तो कापड विणण्यासाठी असतो, पण भिवंडीत माणूस फोडायलाही तोच चटकन हाताशी सापडतो. पुढचा फटका कानावर बसला. कान वरच्या बाजूनं सुटून लोंबू लागला. केसरीनाथ आपल्याच दोन मागांच्या मधल्या बोळात गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या मानेवरून ओघळणारं रक्त शेजारच्या सुताच्या गोणीवर पडत होतं.

"पंच्याहत्तर," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल. साहेबांना आयकू जाऊ दे."

साहेब म्हणजे दारात उभा असलेला चिंतामणी गुप्ते, सूत व्यापारी मंडळाचा कारकून. टेमघरला सौदा झालाय, लिहून घ्यायला या, असा निरोप आला म्हणून तो सायकल मारत आला होता. सौदा असा होत असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. सायकल स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही. ती तशीच मांडीला टेकवून तो पाहत राहिला.

"केसरीनाथला सोड आधी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला.

"सोडला. आमचं काम झालं." बाळारामनं धोटा गोणीवर पुसला. "दौलतशेठनी धा गोनी घेतल्या. किलोला पंच्याहत्तर. ही सहीची पावती. चार वाजता बोर्डावर लिवा, मंजे झालं."

तो बोर्ड म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ. धामणकर नाक्यावर मंडळाच्या कचेरीबाहेर भिंतीला एक काळा फळा ठोकलेला होता. रोज दुपारी चिंतामणी पेढ्यापेढ्यांतून, दलालांतून आणि शेडमधून फिरायचा, आज कोणी कितीला विकलं, कोणी कितीला घेतलं हे विचारायचा आणि चार वाजता त्या फळ्यावर खडूनं एक आकडा लिहायचा. तो सुताचा त्या दिवसाचा भाव. ज्यांचे वायदे उभे असत ते सगळे त्याच भावानं आपला नफातोटा मोजत. वायदा म्हणजे आज भाव ठरवायचा आणि महिनाअखेर चुकता करायचा. कोणी कधीकाळी कितीला घेतलं, कोणाला कितीची आशा आहे, याला तिथं कोणी विचारत नसे. आज विकायला गेलात तर काय मिळेल, एवढंच. महिनाअखेरीला त्या आकड्यानुसार एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात पैसा जाई. हे सगळं तोंडी चालायचं, कायद्यात बसत नव्हतं. पोलिसांत जायचं तर आधी आपणच आत जायचं, म्हणून जात कोणी नसे.

पण या तोंडी धंद्याला एक नियम होता, आणि तो चिंतामणीला मंडळाचे अध्यक्ष तात्यांनी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकवला होता. कोणाच्या तरी गोदामात पाणी शिरलं होतं आणि त्यानं चांगलं सूत मातीमोल विकलं होतं. चिंतामणी तो भाव लिहायला निघाला तेव्हा तात्यांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला होता. "अरे, गळ्याशी आलेल्या माणसानं विकलं तो काय भाव झाला?" ते म्हणाले होते. "विकणारा राजी पाहिजे, घेणारा राजी पाहिजे. दोघे राजी नसतील त्या दिवशी कालचाच आकडा ठेवायचा आणि त्याच्याखाली आडवी रेघ मारायची. रेघ म्हणजे आज बाजार झाला नाही." चिंतामणीनं ते वेदवाक्य म्हणून धरलं. काही माणसं अशी असतात. त्यांना एक गोष्ट नीट सांगितली की जन्मभर पुरते.

आता त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, सूत चढत होतं. केसरीनाथनं एका शेठला दिवाळीपर्यंत ठरल्या भावात कापड द्यायचा शब्द दिला होता. सूत महागलं तर तो कापडात बुडणार होता. म्हणून त्यानं सुताचा वायदा घेऊन ठेवला होता; कापडात जाईल ते वायद्यातून निघेल. तो जुगार नव्हता, पावसाआधी घेतलेली छत्री होती. नाक्यावरच्या कितीतरी लहान मागवाल्यांनी तेच केलं होतं.

आणि या सगळ्यांच्या समोरच्या बाजूला एकटा दौलतशेठ होता. मानकोलीची बापजाद्यांची अर्धी शेतं गोदामवाल्यांना विकून, उरलेल्यांवर स्वतःची गोदामं बांधून हातात पैसा आला, तो खेळल्याशिवाय राहवेना. जवळ नसलेलं सूत त्यानं ऐंशीच्या भावानं विकून ठेवलं होतं, पडेल या आशेवर. ते ब्याण्णववर जाऊन बसलं. आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. फळ्यावर ब्याण्णव राहिले तर गोदामांचं भाडंसुद्धा गहाण पडणार होतं. पंच्याहत्तर आले तर देणं राहिलं बाजूला, उलट लहान मागवाल्यांकडूनच त्याला येणं होतं. म्हणून सकाळपासून बाळाराम आणि दौलतशेठची बाकीची माणसं नाक्यावर फिरत होती. एका दलालाचे पुढचे दात त्यांनी ओट्यावरच पाडले. एकाच्या दुकानातल्या गोण्या रस्त्यावर ओढून हमालांच्या आकड्यांनी फाडल्या. बाजारात सौदा करायला कोणी उरलंच नाही. उरला तो एकच सौदा, केसरीनाथच्या रक्तातला. बळी तो कान पिळी म्हणतात. इथं पिळण्यावर भागलं नव्हतं.

चिंतामणी सायकलवरून नाक्यावर परतला. कचेरीसमोर मागवाले घोळक्यानं उभे होते. त्याच्याकडे कोणी थेट पाहत नव्हतं, पण रस्ता सगळ्यांनी करून दिला. त्यानं खडू घेतला. बायकोचा, सुमतीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, घराचं दार आतून नीट लागत नाही हेही आठवलं. तरी त्यानं लिहिलं ब्याण्णव, आणि खाली ठळक आडवी रेघ ओढली.

घोळक्यातून कोणीतरी सुस्कारा सोडला. तेवढ्यात दौलतशेठची जीप आली.

दौलतशेठ आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. तो शांतपणे कचेरीत शिरला, तात्यांच्या पाया पडला आणि खुर्चीवर बसला.

"तात्या, सौदा झालाय. पावती हाय. मंडळाचा कारकून लिवत न्हाय. हा न्याय हाय का?"

"तो सौदा नव्हता," चिंतामणी म्हणाला. "मारून घेतलेला माल आहे तो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मंग इकनाऱ्यालाच इचारा की."

केसरीनाथला जीपमधून उतरवलं. कानाला फडकं बांधलं होतं, ते लाल झालं होतं. चिंतामणीला वाटलं, आता मिटलं. या फडक्यापेक्षा मोठी साक्ष कोणती असणार? हातच्या कंकणाला आरसा कशाला?

तात्यांनी विचारलं, "केसरीनाथ, तू राजीखुशीनं विकलंस?"

केसरीनाथनं दौलतशेठकडे पाहिलं. दौलतशेठ नखं पाहत होता. "घरी कमळावैनी एकट्याच हायत," बाळाराम मागून सहज बोलल्यासारखं म्हणाला. "आपली दोन पोरं बसवून ठेवलीत सोबतीला."

"राजीखुशीनं," केसरीनाथ म्हणाला.

"आणि हा कान?"

"धोटा उडाला. लूम चालू होता, धोटा उडून लागला."

हे ऐकायला खोटं वाटत नव्हतं. चालत्या मागावरून धोटा उडतो. भिवंडीत त्यानं डोळे गेलेली, दात गेलेली माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण कचेरीत बसलेल्या एकेकाची मान खाली गेली, कारण तो शुक्रवार होता. शुक्रवारी मागांची वीज बंद. शहरभरातली खडखड त्या दिवशी थांबते, माणसं एकमेकांशी साध्या आवाजात बोलतात. त्या क्षणीही बाहेर इतकं शांत होतं की रिक्षावाल्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. बिचाऱ्या केसरीनाथला खोटं बोलायचंही धड जमलं नाही.

"केसरीनाथ, अरे, आज शुक्रवार आहे," चिंतामणी हळूच म्हणाला. "लूम बंद आहेत."

कोणी बोललं नाही. ज्यांचा घास त्या फळ्यावर टांगला होता तेही बोलले नाहीत. केसरीनाथ जमिनीकडे पाहत राहिला.

तात्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "चिंतामणी, तो राजीखुशीनं म्हणतोय. विकणारा राजी, घेणारा राजी. पूस ते."

"तात्या, तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं, आता विसर. घरी जायचंय ना तुला?"

"पुसायचं तर दुसऱ्या कोणाच्या हातानं पुसा. माझ्या हातानं पुसलं जाणार नाही."

हे तो शौर्यानं म्हणाला नाही. त्याला खरंच वाटत होतं की हात उचलणार नाही. पण बाळारामनं ते शब्द तेवढे उचलले. "हातानं न्हाय मंतो," तो म्हणाला, आणि त्यानं व आणखी एकानं चिंतामणीला ओढत कचेरीच्या दाराशी नेलं. त्याला पालथा पाडलं, उजवा हात उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर धरला आणि शटर वरून सोडलं. पहिल्यांदा बोटं मोडली. चिंतामणी ओरडला, ते समोरच्या हॉटेलपर्यंत गेलं, तिथल्या माणसांनी कप खाली ठेवले. शटर वर गेलं आणि परत खाली आलं. या वेळी मनगट. त्यानंतर तो ओरडला नाही.

शुद्ध हरपायच्या आधी त्यानं पाहिलं ते एवढंच, की तात्या स्वतः उठून बाहेर गेले आणि त्यांनी धोतराच्या सोग्यानं फळा पुसला.

पंच्याहत्तरच्या भावानं लहान मागवाले त्या महिन्यात बसले. छत्री होती, पण ऐन पावसात कोणी हिसकावून घेतली. केसरीनाथचे माग भंगारवाल्यानं वजनावर नेले. मात्र त्यानंतर फळ्यावर लिहिलेला भाव कोणी मानेना. वायदा करायला कोणी येईना, आणि दौलतशेठनं मारून मिळवलेला बाजार त्याच्याच हातात मेला.

चिंतामणीचा हात वाचला म्हणजे मनगटाला लटकत राहिला, एवढंच. बोटं मिटत नव्हती. सुमती त्याला घास भरवायची आणि भरवता भरवता बोलायची.

"एक आकडा पुसला असता तर काय आभाळ कोसळत होतं? सुंभ जळेल, पण तुमचा पीळ काही जायचा नाही."

"मला नाही जमलं गं," तो म्हणायचा. ती मग पदर डोळ्यांना लावून आत जायची. तिचा राग त्याच्यावर नव्हता, त्या मुक्या कचेरीवर होता, आणि तो काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

गणपती उठल्यावर एका सकाळी केसरीनाथ आला. कान शिवून वेडावाकडा जुळला होता. हातात कापडी पिशवी होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. सुमतीनं ये म्हटलं नाही.

"साहेब, दौलतशेठनी धाडलंय. माग गेल्यापासनं त्याच्याच गोदामावर हाय मी," तो पिशवीकडे पाहत म्हणाला. "इलेक्शनला उभा ऱ्हातोय. त्याला हे मिटवायचंय. बोलला, हाताचा आकडा गुप्तेसाहेबांनीच सांगावा, भाव ठरवनारे तेच हायत. कमी पडलं तर आनखी देतो."

चिंतामणी कॉटवर बसला होता. पिशवी जड होती. केसरीनाथनं ती या हातातून त्या हातात घेतली. सुमतीनंही पिशवीकडे पाहिलं, कारण घरात औषधालाही पैसा नव्हता हे तिलाच ठाऊक होतं. मग तिनं मान फिरवली.

"सुमती, खुंटीवरच्या सदऱ्यात खडू असेल बघ," चिंतामणी म्हणाला.

होता. त्या दिवशीचाच, अर्धा. तो उठला, दारापाशी आला आणि दाराच्या बाहेरच्या फळीवर त्यानं डाव्या हातानं एक आडवी रेघ ओढली. सवय नव्हती, रेघ वाकडी गेली, मध्ये तुटली.

"हे सांग त्याला," तो म्हणाला. "विकणारा राजी नव्हता."

केसरीनाथ रेघेकडे पाहत राहिला. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला.

"साहेब, मना द्या जरा," तो म्हणाला.

चिंतामणीनं खडू दिला. केसरीनाथनं पिशवी पायाशी ठेवली, वाकला आणि त्या रेघेच्या खाली सावकाश आणखी एक रेघ ओढली. खडू परत दिला.

मग पिशवी उचलून तो मानकोलीच्या रस्त्याला लागला. सुमतीनं दार लोटलं. दोन्ही रेघा बाहेरच्या बाजूला राहिल्या.