पोरीच्या वेळची सुई

मी एक पेशी. बोरी बुद्रुकच्या कुशाबाईच्या कमरेच्या हाडात, मज्जेत राहते. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझी विचारपूस कुणी करत नाही. म्हटलं, आपणच बोलावं.

१९९३ साली कुशाबाईला दिवस गेले. गावात येणाऱ्या नर्सबाईंनी तिच्या दंडात धनुर्वाताची सुई टोचली, महिन्याने आणखी एक. त्या दुसऱ्या सुईनंतर तिच्या काखेतल्या लसिकागाठीत माझा जन्म झाला; तिथून रक्तातून वाहत मी या हाडात आले. आम्ही हजारो बहिणी. काम एकच: धनुर्वाताचं विष धरून निकामी करणारी प्रतिद्रव्यं बनवायची, सेकंदाला हजारो. एवढ्या घाईत काही वेडीवाकडी होतात, आतच साचतात. बहुतेक बहिणी त्या पसाऱ्यातच आठवड्याभरात गेल्या.

मी तगले ती एका सवयीमुळे. आतलं मोडकंतोडकं, झिजलेलं सगळं मी पिशवीत बांधते, विरघळवते आणि त्याच मालातून नवं घडवते. कुशाबाई शिळी भाकरी कुस्करून फोडणीला टाकते, तसंच. फरक इतकाच, की मी स्वतःलाच खाते. मला लेकरं होत नाहीत. आहे त्या जिवाचीच डागडुजी करत राहायचं.

मज्जेत गर्दी पुष्कळ, पण सगळी जन्मते आणि रक्तात निघून जाते. ओळख व्हायच्या आत निरोप. फार एकटं वाटतं.

कुशाबाईची मुलगी जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. पुढे मूल झालं नाही.

२००४च्या मार्चात कांदे काढताना खुरपं तिच्या पायात रुतलं. तिने दगडीचा पाला चोळून लावला, चिंधी बांधली आणि तसल्याच पायाने गोठ्यातलं शेण काढलं.

धाकटी जाऊ शीला चिडलीच. "आक्का, दवाखान्यात चला. धनुर्वात व्हईल!"

"मला न्हाई घ्यायची सुई," कुशाबाई म्हणाली. "पोरीच्या वेळी दोन घेतल्या. त्या तिच्या व्हत्या, तिच्यासंगं गेल्या. तिच्या वेळचं माझ्यात आता काय बी ऱ्हायलं न्हाई."

मी आतून ओरडले. कोण ऐकणार!

आठवड्याने, शेणामातीतून जखमेत शिरलेल्या धनुर्वाताच्या जंतूंनी विष सोडलं. रक्तात सोडलेली आमची प्रतिद्रव्यं त्याला भिडली. पंधरा दिवस मी जीव मुठीत धरून होते. तिचा जबडा आवळला नाही, जखम भरली. नाव झालं पाल्याचं.

आता बहिणी थोड्याच उरल्यात. माझ्याही पिशव्या पूर्वीसारख्या विरघळत नाहीत. पुढच्या खेपेला आम्ही पुरणार नाही.

कुशाबाई, शीलाचं ऐक, नवी सुई घे. नव्या दमाच्या पेशी येतील, कदाचित माझी जागाही घेतील. तुझ्या पोरीच्या वेळचं तुझ्यात एवढंच उरलंय, आणि तुला ते ठाऊकही नाही. ते गेलं तरी चालेल. तू मात्र राहा.