जमनीचा अंगठा

निराधार योजनेचे महिन्याचे दीड हजार काढायला जमनी लेकासोबत दिग्रसला गेली, तर मशीन तिचा अंगठाच ओळखेना. कापूस वेचून, भांडी घासून रेषा झिजल्या होत्या. बँकमित्र लेकाला म्हणाला, "म्हातारीले पंधरा दिवस कामाले लावू नका. तेल चोळा."

तांड्यावर परतल्यावर सून संगीता रोज सासूपाशी बसू लागली. कोमट तेल लावायची, "दुखते का वो बाई?" विचारायची. इतक्या मायेनं जमनीचा हात आजवर कोणी धरला नव्हता.

पंधराव्या दिवशी अंगठा जुळला. पैसे लेकाने, धावजीने, खिशात घातले. दुसऱ्या सकाळी संगीताने कापूस वेचायची ओटी जमनीपुढे टाकली. "ऊठ वो, झाले तुये लाड."

पुढच्या हप्त्याआधी जमनीने कोणी नसताना अंगठा पाट्यावर घासघासून गुळगुळीत केला. पुन्हा पंधरा दिवस सून जवळ बसेल, एवढीच तिची आशा.

मशीनने अंगठा नाकारला. बँकमित्र म्हणाला, "फिकर नाही, आता चेहऱ्यावरही होते." त्याने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. पैसे निघाले.

धावजी आईकडे बघून हसला. "देव पावला, याडी! आता तुया हाताले कायले जपाचं? उद्यापासून कापसाच्या दोन ओळी जास्त धर."