झऱ्याचं तोंड

“पोरी, तळ्याचा गाळ काढ, पण झऱ्याचं तोंड मोकळं ठेव,” मथुराबाई शेवटपर्यंत सांगत होत्या. शेवंताने सासूबाईंना तसा शब्द दिला होता. त्याच झऱ्याचं तांब्याभर पाणी महादेवाला घातल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे.

आज वाघोलीच्या त्या छोट्या देवळामागचं तळं काळंभोर, गुळगुळीत आणि कोरडं होतं. तळं गळतं म्हणून शेजारच्या नव्या सोसायटीने ते उपसून काठापर्यंत रबरासारखा थर फवारून घेतला होता, अगदी झऱ्यासकट.

“मावशी, आता थेंबही झिरपणार नाही,” सोसायटीचा इंजिनिअर सूरज म्हणाला. “दहा वर्षांची गॅरंटी!”

“झिरपायला पाणी कुठं हाय, साहेब? ते खालनं यायचं. तुम्ही त्याच्या नरड्यालाच बूच मारलंत.”

“टँकरने भरू की.”

“मग तुमच्या देवाला घाला टँकरचं!” कधी आवाज न चढवणारी शेवंता ओरडली. “विचारायला गावात माणसं नव्हती?”

सूरज फोन कानाला लावून निघून गेला. शेवंताने रिकामा तांब्या पायरीवर ठेवला, पदर खोचला आणि बेल काढायचा विळा घेऊन ती सावकाश तळ्यात, झऱ्याच्या तोंडाकडे उतरू लागली.