हॅशमागचे पाचशे

आई सिंधूताई वारल्या, तरी समता जानेफळातच राहिली. आईच्या आजारपणात ती पुण्याहून लॅपटॉप घेऊन आली होती. पुढे परत कधी येतेस म्हणून ऑफिसातून कोणी विचारलं नाही, तिनंही विषय काढला नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी टेबल लावून ती कंपनीचे डेटाबेस सर्व्हर सांभाळायची. दिवसभरात तिच्याशी बोलणारी माणसं हेडफोनमधून बोलायची, तीही काही बिघडलं तरच.

त्या सोमवारी बिघडलं. रक्त तपासणाऱ्या लॅबच्या एका साखळीनं नव्या शाखा सुरू केल्या आणि सकाळीच रिपोर्ट उघडेनासे झाले. पेशंट खोळंबले. कॉलवर मॅनेजर पुष्पांजली होती, टीममधला दीपक होता, आणि लॅबची माणसं नुसती ओरडत होती.

"सर्व्हर म्हणतोय, जागा नाही," समता म्हणाली. "एका वेळी जितक्यांना आत घेता येतं, तितके घेऊन झालेत."

"शक्यच नाही," दीपक म्हणाला. "सेटिंगची फाइल माझ्यासमोर आहे. मर्यादा पाचशे. आत आपले दीडशेही नसतील. नेटवर्कवाल्यांना धर."

समतानं फाइल उघडली. पाचशेच होते. पण ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह होतं.

"दीपक, पुढे हॅश आहे. सर्व्हर ही ओळ वाचतच नाही."

"अगं, हॅशवाल्या ओळीत डिफॉल्टच, म्हणजे मूळचा आकडाच लिहिलेला असतो. म्हणजे डिफॉल्ट पाचशे. वाचो न वाचो, काय फरक पडतो?"

तिला ते पटलंही. नव्या कोऱ्या फाइलीत तसंच असतं. मग बराच वेळ सगळे नेटवर्कच्या मागे लागले. हाती काहीच लागेना, तेव्हा तिनं फाइल बाजूला ठेवली आणि चालू सर्व्हरलाच विचारलं, तुझी मर्यादा किती? उत्तर आलं: शंभर.

कोणीतरी कधीतरी शंभराचे पाचशे केले होते आणि हॅश काढायला विसरलं होतं; त्यामुळे मूळचे शंभरच लागू होते.

तिनं मेमरी पुरेल ना ते पाहिलं, हॅश काढला, पुष्पांजलीला विचारून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. रिपोर्ट भराभर उघडू लागले.

"वाचवलंस बाई!" पुष्पांजली म्हणाली. "आज रात्री सगळे जेवायला जातोय. तू हवीसच. ऑफिसातूनच निघू."

"मॅडम, मी जानेफळला असते."

"कुठे?"

"मेहकरजवळ. बुलढाणा जिल्हा. दोन वर्षं झाली."

"अगं, मला वाटलं तू इथंच आहेस," पुष्पांजली म्हणाली. "बरं, पुढच्या वेळी नक्की." एकेक नाव पडद्यावरून गेलं.

हेडफोन काढून समता बाहेर आली. शेजारच्या रुखमाबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या.

"काऊन वं, आज लय बोलून राह्यली होती? भांडन झालं का कोनाशी?"

"नाई काकू. एक आकडा लिहेल होता, पन लागू नोहता."

"मंग?"

"मंग केला लागू."

"बरं झालं माय," म्हणत त्यांनी सरकून जागा केली. समता बसली, सुपातल्या डाळीतले खडे वेचू लागली.

"काकू, मेहकरहून पुन्याले गाडी कवा असते?"

रुखमाबाईंचा हात थांबला. "जाऊन राह्यली का तू?"

"माहीत नाई," समता म्हणाली.