मजकूर आमच्याकडे राहत नाही

गोंदियात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या चंद्रशेखरनं २००८ साली एक वेबसाइट केली. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तिथे टाकला की तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा रूपात बदलून टेक्स्ट फाइल म्हणून उतरवून घेता यायचा. पानाच्या तळाशी त्यानं लिहिलं होतं, 'तुमचा मजकूर आमच्याकडे राहत नाही.' प्रत्यक्षात प्रोग्राम आधी सर्व्हरवर फाइल बनवायचा आणि मग तिची लिंक द्यायचा. त्या फाइली पुसायची सोय नंतर करू म्हणता म्हणता राहूनच गेली.

सर्व्हरची जागा भरली तेव्हा तो फोल्डर साफ करायला बसला. एका फाइलला अन्नपूर्णा रामटेके असं नाव होतं. देवरीची ही नर्स त्याच्या ओळखीची. स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहीत होती आणि वेबसाइटवर काही अडलं की त्यालाच फोन करायची. त्यानं फाइल उघडली. थोडं पाहून बंद करू म्हणाला आणि शेवटपर्यंत वाचत गेला. अन्नपूर्णा शाळेत असताना तिची आई धानाच्या रोवणीवरून तशीच, चिखलाच्या पायांनी होस्टेलवर भेटायला आली होती. मैत्रिणींना अन्नपूर्णानं सांगितलं, ही आमच्या शेजारची बाई. आईनं ते ऐकलं होतं.

पुढं एकदा अन्नपूर्णा प्रिंट काढायला क्लासवर आली. लिखाण फार झालंय, काही पानं काढावी लागतील, असं म्हणत होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताई, चिखलाच्या पायांचं तेवढं काढू नका."

कागद जुळवणारे तिचे हात थांबले. "ते तं मी कोणालेच नाही दाखवलं. तुमाले कसं माहीत?"

"तुम्हीच फोनवर बोलला होता."

"मी माह्या पोरीलेबी नाही सांगितलं," ती म्हणाली आणि कागद पिशवीत टाकून निघून गेली.

त्याला वाचल्याची लाज होतीच, पण खोटं बोलल्याची त्याहून जास्त वाटली.

त्यानं सगळ्या फाइली पुसल्या आणि प्रोग्राम बदलला. आता मजकूर सर्व्हरवर कुठेही न लिहिता सरळ ब्राउझरकडे जायचा, सोबत एवढीच सूचना, की हा दाखवू नको, फाइल म्हणून उतरवून घे. मोजक्या ओळींचं काम निघालं. इतकं सोपं होतं, हेच त्याला लागलं.

रविवारी तो बसनं देवरीला गेला. अन्नपूर्णा अंगणात धुणं वाळत घालत होती. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं, फोनवर ऐकल्याचं खोटंही.

"वाचलं कायले पण?" तिनं विचारलं.

तुमचं नाव दिसलं म्हणून, एवढंच त्याला सांगता आलं. आणखी कोणी वाचलं का, असं तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. फाइली पुसल्यात, आता काही साठतच नाही.

"हे बी तुमीच सांगून राहिले," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिनं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

परत आल्यावर त्यानं वेबसाइटवर लिहून टाकलं, की आजवर लोकांच्या फाइली आपल्याकडे राहत होत्या आणि त्यातली एक आपण वाचली. येणारे बरेच कमी झाले. अन्नपूर्णाचा फोन पुन्हा आला नाही. ती आता नागपूरहून टाइप करून आणते, असं त्याच्या कानावर आलं.