शेदलियाचा होकार

नारिंगाला फुलं आली की आमच्या नाबल गावात त्यांचा अर्क काढायला दारोदार तांब्याचे हंडे चुलीवर चढतात. आमच्या गल्लीत मात्र शेवटचा शब्द माझ्या बायकोचा, शेदलियाचा. अर्क नळीतून ठिबकायला लागला की ती नाक पुढे करायची आणि म्हणायची, "बस, बाटली बदला." तिथून पुढचं पाणी तिला चालायचं नाही. तिच्या हातचा अर्क न्यायला माणसं थेट स्फाक्सहून यायची, आणि मी दारात उभा राहून उगाच मिशीला पीळ द्यायचो.

त्या वर्षी हिवाळ्यात ती दाराच्या चौकटींना धडकू लागली. शेजारी ठेवलेला कॉफीचा पेला हात लागून सांडायचा. समोरचं स्वच्छ दिसे, दोन्ही बाजूंचं नाही. राजधानीत, ट्युनिसच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, मेंदूच्या तळाशी एक गाठ आहे. जात वाईट नाही, पण डोळ्यांच्या शिरा दाबतेय. काढायची तर नाकातून वाट करून काढायची.

तिथल्या एका वयस्कर डॉक्टरांनी मला आणि माझ्या मेहुण्याला, मोन्सेफला, बाजूला बोलावलं. बाईमाणूस आहे, सगळं सांगितलं तर घाबरेल, किरकोळ काम आहे म्हणा आणि तुम्हीच सही करा, असं त्यांचं म्हणणं. मोन्सेफने लगेच मान डोलावली. मला काही ते पटेना. चाळीस वर्षं मी या बाईबरोबर राहतोय. आमच्या दोघांत घाबरट कोण, हे मला ठाऊक होतं.

तोवर बाकावरून तिचा आवाज आला. "गाठ माझ्या डोक्यातली, आणि कुजबुज तुमची तिघांची?"

मी सहीचा कागद नेऊन तिच्या मांडीवर ठेवला. ती म्हणाली, जी व्यक्ती माझ्या नाकात हत्यार घालणार तिला पाठवा, मी तिच्याशी बोलेन.

आली ती रिहाब नावाची शल्यविशारद, आमच्या लेकीच्या वयाची. शेदलियाने पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, माझ्या नाकाचं काय होईल?"

रिहाबने उलट विचारलं, मावशी, तुम्ही काम काय करता? शेदलियाने सांगितलं. ते ऐकून त्या पोरीने हातातली फाइल बाजूला ठेवली. मग शेजारी बसून तिने एकेक गोष्ट उलगडून सांगितली. रक्तस्राव होऊ शकतो. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून झिरपू शकतं, मग पुन्हा शस्त्रक्रिया. काहींना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. आणि वास कमी होऊ शकतो, क्वचित कायमचा जातो. काहीच केलं नाही तर नजर आणखी आक्रसत जाईल, आणि एकदा गेलेली नजर परत येईलच असं नाही.

"तुझ्या हातून कुणाचा वास गेलाय?" शेदलियाने विचारलं.

"हो, मावशी. एका बाईंचा. परत आला नाही."

मोन्सेफने कपाळाला हात लावला. शेदलियाचा चेहरा मात्र सैल झाला. आजारपण सुरू झाल्यापासून तिला इतकी निवांत मी पाहिली नव्हती. तिने एकच मागणं केलं: फुलांचा हंगाम तोंडावर आलाय, तेवढा होऊ दे. रिहाब म्हणाली, त्यातही धोका आहे. दर आठवड्याला नजर तपासायला यायचं, आणि जरा जरी घट दिसली तर हंगाम तिथेच सोडायचा. शेदलियाने ते कबूल केलं.

तो हंगाम आम्ही कधी विसरणार नाही. आमची लेक बुतैना नळीपाशी बसायची आणि तिची आई तिला प्रत्येक बाटलीला दटावायची. "नाक आहे की शोभेचं लावलंय? पुन्हा हुंग." फुलं संपली, नजर तेवढीच टिकून होती. शेदलिया आपल्या पायांनी दवाखान्यात गेली आणि सही तिने स्वतः केली.

गाठ निघाली. नजर हळूहळू दोन्ही बाजूंना पसरली, एके सकाळी मी दबकत मागून येत होतो तर म्हणाली, "दिसतोयस, हम्मादी." वास मात्र गेला. वर्ष झालं तरी परत आला नाही. नारिंगाची फुलं ओंजळीत घेऊन ती दोनदा रडली, तेही मी पाहिलंय.

मोन्सेफ चवताळला. म्हणाला, ताई, तक्रार करू, त्या पोरीला सोडायचं नाही.

शेदलियाने त्याला बसवलं. "तिने माझ्यापासून काय लपवलं? तिने सांगितलं, मी ऐकलं, मी हो म्हटलं. तो होकार माझा आहे. तो तू माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

तपासणीला गेलो तेव्हा रिहाबला शेदलियाच्या नजरेला नजर देणं जड जात होतं. शेदलियाने तिची हनुवटी धरून वर केली आणि बुतैनाने काढलेल्या अर्काची बाटली तिच्या हातात ठेवली. मग रिहाबने भीत भीतच विचारलं, आत एक बाई आहे, बिझर्तची, हेच दुखणं. तिचा कुणावरच विश्वास बसत नाहीये. बोलाल का?

मी दाराशी थांबलो. शेदलिया त्या बाईच्या खाटेवर बसली, तिचा हात हातात घेतला. तिने आधी स्वतःची दोन रडणी सांगितली. मग म्हणाली, "तुझ्या शालीला कसला वास आहे ते मला कळत नाही, बहिणी. पण तिची किनार हिरवी आहे आणि कोपऱ्यात उसवलीय, ते दिसतंय. आता डॉक्टरीणबाईंना बोलावते. जे जे मनात असेल ते विचार, आणि मनाला पटलं तरच हो म्हण."

ती बाई उठून बसली आणि प्रश्न विचारू लागली. दाराबाहेर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला विचारलं, ही बाई इथली डॉक्टर आहे का?

मी म्हटलं, "नाही, ती माझी बायको आहे," आणि मिशीला चांगला पीळ दिला.